विनोदी पॉडकास्टच्या मनसोक्त गप्पांना श्रोत्याने प्रतिसाद कसा द्यावा

दोघे-तिघे विनोदी कलाकार माइकसमोर बसून दीड-दोन तास मनसोक्त बोलतात, तेव्हा त्या गप्पांना ठरलेला विषय नसतो. पावसाळ्यात न वाळणाऱ्या कपड्यांपासून सुरुवात होते, तिथून बोलणे गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेकडे वळते, मध्येच एकाला शाळेतले पी.टी.चे सर आठवतात आणि अखेरीस मुंबईत ट्राम नेमकी कुठपर्यंत जात असे या वादावर भाग संपतो. ऐकणाऱ्याच्या मनात या सगळ्या वेळात काही ना काही उमटत असते. कधी हसू येते, कधी स्वतःची आठवण जागी होते, कधी ‘नाही हो, असे नव्हते ते’ असे मोठ्याने म्हणावेसे वाटते, तर कधी एखादे वाक्य खोलवर लागते. हे त्या कलाकारांना कळवावे असे अनेकांना वाटते, परंतु बहुतेकांचा निरोप ‘भाग आवडला, खूप हसलो’ एवढ्यावरच थांबतो. असा निरोप पाठवण्यात गैर काही नाही. मात्र त्यातून कलाकारांच्या हाती फारसे काही लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनात जे खरोखर आले होते ते मनातच राहते. ते नीट पोहोचावे यासाठी काय करावे, हे येथे मांडले आहे.

या कलाकारांना प्रतिसादाची गरज इतरांपेक्षा अधिक असते, हे आधी समजून घ्यावे. खार, अंधेरी किंवा ठाण्यातल्या छोट्या सभागृहात स्टँडअप करणाऱ्याला प्रत्येक विनोदाचा निकाल त्याच क्षणी मिळतो. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक करणाऱ्या नटालाही प्रेक्षकांचा हशा कुठे आला आणि कुठे विरला ते रंगमंचावरूनच कळते. पॉडकास्टच्या खोलीत मात्र समोर फक्त सहकारी असतो, आणि सहकाऱ्याच्या हसण्यात मैत्रीचा वाटा मोठा असतो. किती लोकांनी ऐकले हे कलाकारांना आकड्यांतून दिसते, कितव्या मिनिटाला लोकांनी ऐकणे सोडले हेही पॉडकास्ट ऐकवणाऱ्या बऱ्याच ऑनलाइन मंचांवर दिसते. पण का सोडले, कोणत्या वाक्यावर माणूस प्रवासात एकटाच हसला, हे कोणताही आकडा सांगत नाही. ते फक्त श्रोता सांगू शकतो.

मुंबईला ही देवघेव नवी नाही. येथील नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि पुढे आकाशवाणीच्या काळात श्रोत्यांची पत्रे वाचून दाखवण्याचे कार्यक्रम घरोघरी ऐकले जात. पोस्टकार्डावर जागा थोडी असे, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपले म्हणणे आधी निवडावे लागे. आज जागेची मर्यादा उरलेली नाही, म्हणूनच ही निवड श्रोत्याने आपणहून करणे गरजेचे झाले आहे.

ऐकताना

चांगल्या प्रतिसादाची तयारी ऐकतानाच करावी लागते, कारण अशा गप्पांमधले नेमके वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही. केवळ त्याचा सूर आठवतो. मुंबईतले कित्येक श्रोते प्रवासात ऐकतात. विरारहून चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर किंवा कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे ५४ किलोमीटर पार होईपर्यंत एखादा भाग सहज ऐकून होतो, पण गर्दीत उभ्याने काही लिहिणे शक्य नसते. अशा वेळी त्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. त्यात भागाचे नाव आणि वेळ दोन्ही आपोआप नोंदले जातात. दारात उभे असताना मात्र मोबाइल हातात घेऊ नये. आत सरकायला जागा मिळाल्यावर पंधरा-वीस सेकंद मागे जाऊन ते वाक्य पुन्हा ऐकता येते. इअरफोनशिवाय स्पीकरवर ऐकू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण दुसऱ्या वर्गाच्या डब्यात ती अजूनही भासते.

वेगाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. वेळ वाचवण्यासाठी अनेक जण दीडपट वेगाने ऐकतात, आणि काही ॲपमध्ये बोलण्यातील शांतता आपोआप गाळून टाकण्याची सोयही असते. बातम्या किंवा मुलाखत ऐकताना त्याने फारसे बिघडत नाही. विनोदाचे मात्र नुकसान होते, कारण विनोद वाक्याआधीच्या थांबण्यावर उभा असतो. एकाने काहीतरी विचित्र म्हणावे, दुसऱ्याने दोन सेकंद काहीच बोलू नये आणि मग हळू आवाजात ‘बरं’ म्हणावे, यातील ते दोन सेकंदच ॲपने गाळले असतील तर उरलेले ‘बरं’ कोरडे वाटणारच. एखादा भाग रंगला नाही, कलाकारांचे आता जमत नाही, असे कळवण्याची इच्छा झाली तर निदान त्यातली दहा मिनिटे मूळ वेगाने, शांतता गाळण्याची सोय बंद करून, पुन्हा ऐकावीत आणि मगच मत द्यावे.

वेळ कळवताना एक तांत्रिक अडचण येते. अनेक मंचांवर जाहिराती मूळ ध्वनिमुद्रणात नसतात. भाग डाउनलोड होताना किंवा सुरू करताना त्या आयत्या वेळी घातल्या जातात, आणि वेगवेगळ्या श्रोत्यांना वेगवेगळ्या लांबीच्या जाहिराती मिळू शकतात. त्यामुळे तुमच्या मोबाइलवर ४७व्या मिनिटाला ऐकू आलेले वाक्य कलाकारांच्या मूळ मुद्रणात ४४व्या मिनिटाला असू शकते. यूट्यूबवरच्या चित्रफितीची काटछाटही कधी कधी निराळी असते. म्हणून भागाचे नाव, तुम्ही कोणत्या ॲपवर ऐकले ते, अंदाजे मिनिट आणि त्या जागेचे पाच-सहा शब्द जसेच्या तसे द्यावेत. शब्द दिले की मिनिट चुकले तरी जागा सापडते.

भाग कधी मुद्रित झाला असावा याचाही अंदाज घ्यावा. बरेच कलाकार एका दिवशी दोन-तीन भाग मुद्रित करून ठेवतात आणि ते पुढे आठवड्यांच्या अंतराने येतात. दिवाळीच्या तोंडावर आलेल्या भागात कोणी लोकल पाण्यात अडकल्याची तक्रार करत असेल, तर त्याला ‘आता कुठे पाऊस आहे’ असे विचारण्यात अर्थ नाही.

एकच जागा धरावी

दीड तासात बारा विषय येऊन गेले म्हणून बाराही विषयांवर मत देण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या जागेवर तुम्ही खरोखर थांबलात, ती एकच जागा धरावी आणि तिच्याबद्दल पूर्ण सांगावे. ‘सोसायटीच्या सभेचा किस्सा भारी होता’ असे लिहिले तर कलाकाराला एवढेच कळते की कोणाला तरी तो आवडला. त्याऐवजी ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून होईपर्यंत निम्मे सभासद निघून जातात आणि उरलेल्यांचे पार्किंगवरून भांडण लागते, या वाक्यावर मी थांबून मागे गेलो, कारण आमच्याकडे इतिवृत्त मुद्दाम लांबवतात’ असे लिहिले, तर त्याला आपल्या निरीक्षणाचा नेमका कोणता भाग अचूक होता हे समजते, शिवाय पुढच्या वेळी वापरता येईल असा एक खरा तपशीलही मिळतो. माझ्या मते चांगल्या प्रतिसादाचा गाभा हाच आहे: त्यांच्या बोलण्यातला एक नेमका तुकडा घ्यावा आणि आपल्याजवळची एक खरी गोष्ट त्यासोबत परत द्यावी.

ती गोष्ट खरी असावी, यावर मी भर देतो. विनोदी कार्यक्रमाला लिहायचे म्हणून आपणही विनोदी व्हावे असे श्रोत्याला वाटते आणि तो रचलेल्या कोट्या पाठवू लागतो. कोट्या करणे हा समोरच्याचा व्यवसाय आहे. त्याला त्या रोज सुचतात. तुमच्या मजल्यावर गणपतीच्या दिवसांत आरतीचा क्रम ठरवण्यासाठी खरोखर काय घडते, ते मात्र त्याला तुमच्याशिवाय कोणाकडूनही मिळणार नाही.

गप्पा भरकटतात, मुद्द्यावर या, अशी तक्रार फार येते. अशा कार्यक्रमाचे स्वरूपच भरकटण्याचे आहे, त्यामुळे ही तक्रार सरसकट करणे योग्य नाही. परंतु कोणत्या वळणावर तुम्ही मागे पडलात ते सांगणे उपयोगाचे असते. कलाकार आपल्या महाविद्यालयातल्या मित्रांची टोपणनावे घेऊन पंधरा मिनिटे बोलत राहिले आणि ती माणसे कोण हे श्रोत्याला कोणी सांगितलेच नाही, असे बरेचदा होते. आत बसलेल्यांना ते जाणवत नाही. आवाजाविषयीही असेच नेमके सांगावे. ‘आवाज खराब आहे’ याऐवजी कोणाचा आवाज लहान येतो, हसताना तो फाटतो का, एकाच कानात ऐकू येतो का आणि तुम्ही कशावर ऐकत होता, हे कळवावे.

चूक दाखवताना

अनेक विषयांना स्पर्श करणाऱ्या गप्पांमध्ये माहितीच्या चुका होणारच, आणि मुंबईसारख्या शहराबद्दल बोलताना त्या अधिक होतात, कारण येथील प्रत्येक रस्त्याबद्दल काही ना काही ऐकीव गोष्टी प्रचलित आहेत. चूक दिसली की श्रोत्याला फार उत्साह येतो. त्या उत्साहात पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: ही चूक आहे की अतिशयोक्ती? दादरच्या पुलावर संध्याकाळी चढलेला माणूस थेट दुसऱ्या दिवशी उतरतो, असे कोणी म्हटले तर त्यावर खुलासा पाठवण्याची गरज नसते. मात्र एखादी तारीख, नाव किंवा घटना वस्तुस्थिती म्हणून सांगितली गेली असेल आणि ती चुकीची असेल, तर ती अवश्य दुरुस्त करावी. हजारो लोक ती ऐकून पुढे सांगतात, म्हणून ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते.

दुरुस्ती करताना विनोद मारला जाऊ नये. नमुना म्हणून पुढील निरोप पाहावा.

‘ताई आणि दादा, नमस्कार. मी गिरगावात राहतो आणि तुमचे भाग रात्री जेवणानंतर ऐकतो. मुंबईत आलेल्या पाहुण्यांवरच्या भागात साधारण ४७व्या मिनिटाला दादा म्हणाले की, पंचम जॉर्ज गेटवेच्या कमानीखालून आत आला आणि आल्या आल्या त्याला फोटोवाल्यांनी घेरले. फोटोवाल्यांपाशी मी खूप हसलो, कारण त्यांच्या तावडीतून आजही कोणाची सुटका होत नाही. मात्र राजा डिसेंबर १९११ मध्ये आला तेव्हा ती कमान उभीच नव्हती. तिची पायाभरणी त्याच वर्षी ३१ मार्च रोजी झाली होती आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. राजाच्या स्वागतासाठी ठरवलेले दार राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी तयार झाले. आमच्या इमारतीच्या लिफ्टचे कामही साधारण याच वेगाने चालले आहे, त्यामुळे मला त्या राजाविषयी प्रथमच आपुलकी वाटली.’

या निरोपात आधी विनोदाला दाद आहे, आणि ती नेमक्या जागेला आहे. मग दुरुस्ती येते, तारखांसह आणि एकाही टोमण्याशिवाय. ‘तुम्हाला एवढेही माहीत नाही का’ असे त्यात कुठेही नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुरुस्तीनंतर कलाकाराचे काही गेलेले नाही; उलट पाहुणा निघून गेल्यावर तयार झालेले दार ही मूळ विनोदापेक्षा अधिक चांगली गोष्ट त्याला मिळाली आहे. इतिहासातले सत्य बहुधा असेच असते, बनवलेल्या गोष्टीपेक्षा अधिक विचित्र, आणि विनोदी कलाकार ते आनंदाने स्वीकारतो.

दुरुस्ती पाठवण्यापूर्वी आपली माहिती किमान दोन विश्वसनीय ठिकाणी तपासावी, कारण चूक दाखवणाऱ्याची चूक फार काळ लक्षात राहते. काही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्या तपासाव्यात असे कोणाला वाटतही नाही. मुंबईच्या डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’चे, म्हणजे कामात जवळजवळ चुकाच होत नसल्याचे, प्रमाणपत्र मिळाले आहे, ही त्यापैकी एक. या कथेचा उगम फोर्ब्स मासिकातील १९९८ च्या लेखात आहे. मासिक असे प्रमाणपत्र देत नसते. डबेवाल्यांच्या अचूकतेचे कौतुक त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि निरोपात तेही म्हणावे. दुसरीकडे, काही गोष्टींचा निकाल लागलेला नसतो. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, पण त्याबाबत इतरही दावे आहेत. अशा ठिकाणी ‘तुम्ही चुकलात’ असे न म्हणता ‘असेही सांगितले जाते’ असे लिहावे.

आठवण सांगताना

श्रोत्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले शहर. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम १९०७ मध्ये आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आली आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेली. ही माहिती कोणालाही शोधून काढता येते. परंतु ट्रामच्या तिकिटाचा कागद कसा होता, कंडक्टर घंटा कशी वाजवत असे, उतरताना वडीलधारे लहान मुलांना काय बजावत, हे आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसेच सांगू शकतात, आणि ती पॉडकास्ट ऐकत असतीलच असे नाही. कलाकारांनी ट्रामचा विषय काढला आणि घरी आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांना तो तुकडा ऐकवावा आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच आवाजात, त्यांच्या परवानगीने, मुद्रित करून पाठवावे. आपण त्याचे सुंदर मराठीत रूपांतर करू नये. त्यांची वाक्ये अर्धवट असली तरी तशीच राहू द्यावीत.

तरुण श्रोत्यांनीही आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे समजू नये. बेस्टची डिझेलवर चालणारी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या आसनासाठी जिन्यावरून धावण्याची आठवण आज विशीत असलेल्यांकडेही आहे.

आठवण सांगताना ती गप्पांतल्या नेमक्या जागेशी जोडलेली असावी. ट्रामवरून सुरू करून गिरगावातली सगळी बालपणकथा लिहून काढली, तर ती वाचनीय असेल, पण तो प्रतिसाद राहत नाही.

एखादे बोलणे लागले तर

हा भाग सर्वांत अवघड आहे. मनात येईल ते बोलण्याच्या ओघात कोणाच्या तरी दुखऱ्या जागेवर पाय पडतो. समजा, लोअर परळच्या मॉलमधल्या पार्किंगच्या दरांवर दोघे विनोद करत आहेत आणि त्यातला एक म्हणतो की तिथले गिरणी कामगार आळशी होते, म्हणून गिरण्या बंद पडल्या. ऐकणाऱ्याचे वडील, ज्या फिनिक्स मिलच्या जागेवर तो मॉल उभा आहे, त्याच मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, कित्येकांची नोकरी कायमची गेली, आणि लालबाग-परळच्या असंख्य घरांत त्या दिवसांविषयी आजही कमी बोलले जाते. त्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाक्य सहज सोडून देता येणार नाही, आणि त्याने ते सोडून द्यावे असे मी सुचवणारही नाही.

त्याने प्रथम त्या वाक्याच्या आधीची आणि नंतरची दोन-तीन मिनिटे पुन्हा ऐकावीत. कधी कधी ते मत वक्त्याचे नसून तो दुसऱ्या कोणाची नक्कल करत असतो, कधी पुढच्याच मिनिटाला सहकाऱ्याने त्याला थांबवलेले असते. ऐकूनही राग कायम राहिला, तर एक रात्र जाऊ द्यावी आणि मग थेट कलाकारांनाच खासगी निरोप लिहावा. त्यात आपले नाते काय ते सांगावे, कारण ‘अनेकांच्या भावना दुखावल्या’ यापेक्षा ‘माझे वडील तिथे होते’ हे वाक्य अधिक खरे असते आणि ऐकणाऱ्याला ते टाळता येत नाही. काय चुकले ते एका-दोन वाक्यांत सांगून आपल्याला काय हवे तेही स्पष्ट लिहावे: पुढच्या भागात खुलासा हवा, तो तुकडा काढून टाकावा, की फक्त त्यांना हे माहीत असावे. पुष्कळ तक्रारी केवळ एवढ्यासाठी वाया जातात की त्यांत राग असतो, पण मागणी नसते.

तो तुकडा कापून नातेवाइकांच्या किंवा इमारतीच्या व्हॉट्सॲप समूहात टाकणे हा मात्र प्रतिसाद नव्हे. वीस सेकंदांच्या फितीत आधीचे मागचे काहीच उरत नाही आणि ती पाहणारा मूळ भाग कधीही ऐकत नाही. मुंबईने याचे परिणाम पाहिले आहेत. मार्च २०२५ मध्ये एका विनोदी सादरीकरणाची चित्रफीत पसरल्यानंतर खारमधल्या, ते मुद्रित झालेल्या जागेची तोडफोड झाली. कोणाचा विनोद योग्य होता याविषयी मते वेगळी असू शकतात. खुर्च्या मोडण्याविषयी ती वेगळी असू नयेत. कोणाला दाखवायचेच असेल तर पूर्ण भागाचा दुवा आणि मिनिट पाठवावे.

कायद्याची मर्यादाही माहीत असावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे केवळ त्रासदायक वाटणारे काही ऑनलाइन लिहिले म्हणून त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकी देणे कलम ३५१ खाली आणि बदनामी कलम ३५६ खाली गुन्हा आहे. ‘भेट मग बघतो’ असे रागाच्या भरात लिहिणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

संबोधन आणि भाषा

कलाकार एकमेकांना अरे-तुरे करतात, एकमेकांच्या वजनावर आणि लग्नावर बोलतात, आणि आठवड्यामागून आठवडे ते ऐकून श्रोत्यालाही आपण त्या खोलीत बसलो आहोत असे वाटू लागते. ही जवळीक खरी असते, पण ती एका बाजूची असते. म्हणून पहिल्या निरोपात ‘तुम्ही’ म्हणावे. दादा, ताई हे संबोधन मराठीत सहज शोभते. सहकाऱ्याने केलेली थट्टा श्रोत्याने पुन्हा करू नये, कारण त्यांच्यात ती वर्षांच्या ओळखीवर चालते.

स्त्री कलाकारांच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे पाळावे. ताई फार मोठ्याने हसतात, त्यांचा आवाज टोचतो, त्या दादांना बोलू देत नाहीत, असे निरोप येतात. सोबतच्या पुरुषाच्या हसण्याविषयी तसे क्वचितच लिहिले जाते. आवाजाची पातळी खरोखर चुकली असेल तर ती तांत्रिक तक्रार म्हणून, वर सांगितल्याप्रमाणे, कळवावी. एरवी त्यांच्या बोलण्यातील मुद्द्याला उत्तर द्यावे.

मराठीच्या शुद्धतेवरून होणारी टीका मी फार जपून करावी असे म्हणेन. मुंबईच्या गप्पांत हिंदी आणि इंग्रजी शब्द येणार, मालवणी हेल येणार, आगरी ठसका येणार. कोणी आपल्या घरच्या बोलीत बोलत असेल, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार श्रोत्याला नाही. बोलीची टिंगल होत असेल, म्हणजे हशा केवळ त्या भागातला माणूस असाच बोलतो म्हणून घेतला जात असेल, तर त्यावर हरकत घेणे योग्य आहे, आणि ती त्या बोलीच्या माणसाने त्याच बोलीत घेतली तर ती अधिक परिणामकारक ठरते.

लांबी आणि आवाजी निरोप

कलाकार निरोप मोठ्याने वाचून दाखवण्याची शक्यता असते, म्हणून तो कानासाठी लिहावा. शंभर-सव्वाशे शब्द वाचायला साधारण मिनिट लागते, आणि त्याहून लांब मजकूर वाचताना बोलणाऱ्याचा ओघ तुटतो. कंसातील मजकूर आणि चिन्हांच्या रांगा वाचता येत नाहीत. पाठवण्याआधी स्वतः एकदा मोठ्याने वाचून पाहावे. जिथे तुम्ही अडखळता तिथे तेही अडखळतील.

आवाजी निरोप पाठवायचा असेल तर तोही मिनिटभराचाच असावा. पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी, मोबाइल तोंडापासून वीतभर दूर धरावा आणि स्थानकाच्या फलाटावरून मुद्रण करू नये, कारण उद्घोषणेखाली तुमचे बोलणे बुडते. सुरुवातीला पहिले नाव आणि राहण्याचा भाग एवढेच सांगावे. पत्ता, कार्यालयाचे नाव, दूरध्वनी क्रमांक सांगू नये. कागदावरून वाचू नये. मुद्दे लिहून समोर ठेवावेत आणि बोलावे.

तारांकने देण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्पॉटिफाय आणि ॲपल पॉडकास्ट्स या दोन्ही ठिकाणी पाचपैकी तारे देता येतात, आणि छोट्या मराठी कार्यक्रमांना नवे श्रोते मिळण्यास त्यांची थोडी मदत होते, म्हणून ते द्यावेत. निरोपाची जागा मात्र ते घेत नाहीत.

काही कार्यक्रम प्रेक्षकांसमोर मुद्रित होतात. तिथे जागेवरून ओरडून दिलेला प्रतिसाद माइकवर अस्पष्ट येतो आणि घरी ऐकणाऱ्याला कलाकार अचानक का थांबला ते कळत नाही. मनमोकळे हसावे, टाळ्या द्याव्यात, आणि बोलायचे असेल तर प्रश्नांच्या वेळेची वाट पाहून माइक हातात आल्यावर तीन-चार वाक्यांत बोलावे.

दुसऱ्याची गोष्ट सांगताना परवानगी घ्यावी. शेजारच्या काकांचा किस्सा कितीही रंगतदार असला तरी तो ऐकणाऱ्यांत त्यांच्या कार्यालयातले कोणी असू शकते. नाव गाळले तरी इमारत, मजला आणि कुत्र्याचे नाव यांवरून माणूस ओळखता येतो. काकांना आधी विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर तो किस्सा पाठवू नये.

निरोप वाचला गेला नाही तर तोच पुन्हा पाठवू नये. पुढच्या एखाद्या भागावर नवे काही सांगण्यासारखे असेल तेव्हा नव्याने लिहावे. वाचला गेला आणि त्यात त्यांच्याकडून काही तपशील बदलला, तर एका ओळीत तो दुरुस्त करून कळवावा. त्यांनी तुमच्या निरोपावर आणखी अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्या शेवटी पुन्हा पी.टी.च्या सरांकडे गेल्या, तर त्या सरांविषयी तुमच्याकडे काय आहे, याचा शोध तुम्ही घेऊ शकता.